पक्ष्यांचे उड्डाण : अभ्यासाचा इतिहास

पक्ष्यांचे उड्डाण : पिसांनी बनलेल्या पंखांच्या साहाय्याने स्वतःचे वजन हवेत तोलून धरणे व इष्ट दिशेने पुढे जाणे, ह्या क्रियेस पक्ष्यांचे उड्डाण म्हणतात. विद्यमान प्राण्यांपैकी कीटक, पक्षी व वटवाघळे हेच खरे उडणारे प्राणी होत. उडत्या खारी किंवा उडते सरडे हे उंचावरून घसरत खाली येतात, स्वबळावर वर चढू शकत नाहीत. पक्ष्यांच्या उड्डाणाचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत : पंख मारीत केलेले उड्डाण आणि पंख पसरून, ते न हलविता केलेले तरंगते उड्डाण. उडण्याची इच्छा धरणाऱ्या मनुष्याने पहिल्या प्रकाराचेच अनुकरण करण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला व तो फसला. उड्डाणाचे यांत्रिक रहस्य उलगडण्यास मात्र दुसरा प्रकार अधिक उपयोगी पडला आणि त्याच्या शास्त्रीय निरीक्षणातील महत्त्वाचा भाग भारतीय आकाशातील घारी व गिधाडे ह्यांच्यावर झाला. ज्या पक्ष्यांनी हे ज्ञान दिले त्यांपैकी गिधाडे आज येथील आकाशातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत, ही ह्या इतिहासाची दुसरी बाजू होय.

उड्डाणाचे मूळ प्रश्न : हे प्रश्न समजून घेण्यास कोल्हापूरचा परिसर सोयीचा आहे. हे शहर सह्याद्रीच्या पूर्वेस समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर वसले आहे. पश्चिमेस राधानगरी–दाजीपूरचे दाट अरण्य, वायव्येस सु. २० किमी. अंतरावर पन्हाळ्याचे तुटलेले कडे, पूर्वेस उघडे पठार आणि शहराच्या कडेला रंकाळा व कळंबा ही तळी, अशी येथील भूरचना आहे. तळ्यातील वारकरी (चांदवा) हा पाणपक्षी हवेत उठण्यापूर्वी पाण्याच्या पृष्ठावर पाय आपटीत बरेच अंतर धावतो. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत क्षणभर स्थिर राहतो आणि मग सूर मारतो. वारा वाहत असता कड्यासमोर घार पंख पसरून जवळजवळ निश्चल राहू शकते. उन्हाळ्यात सूर्य वर आल्यानंतर शहरावर घारी घिरट्या घालीत, पंख न हलविता, दिसेनाशा होईपर्यंत उंच जातात. उडण्यापूर्वी वेग का लागतो, एका जागी स्थिर राहणे इतके कष्टाचे का, आणि पंख न हलविणारा पक्षी वर कसा चढतो, असे तीन प्रश्न ह्या दृश्यांतून निर्माण होतात. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळण्यास चार शतकांहून अधिक काळ लागला.

प्राचीन व मध्ययुगीन ज्ञान : ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) ह्याने पक्ष्याच्या शेपटीची तुलना नौकेच्या सुकाणूशी केली होती. भारतात पक्ष्यांविषयीचे बारीक ज्ञान प्रामुख्याने शिकार व क्रीडा ह्यांच्या निमित्ताने जमा झाले. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते त्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लास ह्या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना श्येन (ससाणा) व पारावत (कबूतर) ह्यांचीही प्रकरणे आहेत. कुमाऊँच्या रुद्रदेवाचा श्यैनिकशास्त्र हा ग्रंथ तर सर्वस्वी ससाण्यांच्या साहाय्याने करावयाच्या शिकारीवर आहे. पक्षी कसा पाळावा, त्याला कसे शिकवावे व कोणत्या भक्ष्यावर सोडावे, हे अशा ग्रंथांचे विषय होते. पक्षी हवेत कशाच्या आधारावर राहतो, हा यांत्रिकीचा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

यांत्रिकीचा प्रारंभ : इटालियन कलावंत व अभियंता लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) ह्याने सु. १५०५ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर एक टिपणवही लिहिली. तीत पक्ष्याचा गुरुत्वमध्य, वाऱ्याचा दाब, पंख व शेपटी ह्यांच्या साहाय्याने तोल सावरण्याची रीत इत्यादींची चर्चा आहे. ही वही १८९३ पर्यंत छापली गेली नाही. त्यामुळे तिचा पुढील संशोधनावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली (१६०८–७९) ह्या शास्त्रज्ञाचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०–८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्याच्या छातीच्या स्नायूंचे शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाण त्याने मनुष्याच्या स्नायूंशी ताडून पाहिले व मनुष्याला स्वतःच्या स्नायुबळावर पंख मारून उडता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. पंख हवेला खाली व मागे ढकलतो म्हणून पक्षी उचलला जातो, असे त्याचे मत होते. हे मत अंशतः बरोबर होते. परंतु त्यात सर्व कार्य पंखांच्या फटकाऱ्याकडे दिले गेल्याने पसरलेल्या, स्थिर पंखाचे कार्य दृष्टीआड झाले.

ही कोंडी इंग्लंडमधील सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) ह्याने फोडली. वजन तोलून धरणारी उत्थापक प्रेरणा (बल) आणि पुढे नेणारा रेटा ही दोन कार्ये वेगळी मानली पाहिजेत, हे त्याने ओळखले. १७९९ मध्ये त्याने एका चांदीच्या चकतीवर ह्या प्रेरणांची आकृती कोरली आणि १८०९–१० मध्ये आपले विचार लेखरूपाने प्रसिद्ध केले. पक्ष्यात ही दोन्ही कार्ये पंखच करतो. पण त्याचा शरीरालगतचा भाग मुख्यतः वजन तोलतो, तर बाहेरचा, प्राथमिक पिसांचा भाग मुख्यतः रेटा देतो. यंत्रात ही कार्ये दोन निरनिराळ्या साधनांकडे देता येतात, ह्या कल्पनेतूनच पुढे स्थिर पंखांचे विमान निर्माण झाले.

पंखाचे कार्य : पंखाचा छेद पुढे जाड व गोलसर, मागे निमुळता आणि वरच्या बाजूस फुगीर असतो. असा पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून धरला म्हणजे हवेचा प्रवाह त्याच्या पृष्ठांना लगटून वाहतो व मागे खालच्या दिशेने वळविला जातो. हवेला खाली वळविण्याची प्रतिक्रिया म्हणून पंख वर उचलला जातो. त्याच वेळी त्याच्या वरच्या पृष्ठावरील दाब खालच्यापेक्षा कमी झालेला आढळतो. वरून जाणाऱ्या हवेस लांबचा मार्ग आक्रमून खालच्या हवेबरोबरच पोहोचावयाचे असल्याने तिचा वेग वाढतो, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आढळते. परंतु ते चुकीचे आहे. वरची हवा प्रत्यक्षात खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेशी पोहोचते.

पंख व त्याचा कोन तोच राहिल्यास उत्थापक प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर ती चौपट होते. शरीराच्या मानाने लहान पंख असलेल्या वारकरी पक्ष्याला पाण्यावर धावावे लागते ते ह्यामुळेच. उलट, वेग कमी असताना तेवढीच प्रेरणा मिळविण्यासाठी थोड्या हवेला फार जोराने खाली ढकलावे लागते व त्यात पुष्कळ ऊर्जा खर्च होते. एका जागी फडफडणारा खंड्या थोड्याच वेळात हा प्रयत्न सोडून देतो, ह्याचे कारण हेच होय. पंखाचा कोन मर्यादेपलीकडे वाढल्यास प्रवाह वरच्या पृष्ठापासून सुटतो आणि आधार एकाएकी कमी होतो. उतरताना हा धोका संभवतो. त्या वेळी पक्षी पंखाच्या पुढच्या कडेवरील, अंगठ्याच्या हाडाशी जोडलेला पिसांचा लहान झुबका उचलतो. त्यामुळे प्रवाह पंखाला अधिक काळ लगटून राहतो.

पंखाच्या फटकाऱ्याचे खरे स्वरूप फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) ह्याने छायाचित्रणाने उघड केले. १८८२ मध्ये त्याने बंदुकीच्या आकाराचा, सेकंदास बारा चित्रे टिपणारा कॅमेरा तयार केला. पंख केवळ वर-खाली होत नसून खाली येताना पुढे व वर जाताना मागे सरकतो आणि त्याबरोबर त्याचा कोनही बदलतो, असे ह्या चित्रांवरून दिसून आले. जर्मनीतील ऑटो लीलिएंटाल (१८४८–९६) ह्याने करकोच्यांचे निरीक्षण व वक्र पृष्ठांवरील मोजमापे ह्यांच्या आधारे १८८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९१ पासून त्याने स्वतः बनविलेल्या ग्लायडरांतून सु. दोन हजार उड्डाणे केली. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात झालेल्या अपघाताने त्याचा मृत्यू झाला.

तरंगते उड्डाण व भारतातील संशोधन : घार पंख न हलविता वर कशी चढते, हा प्रश्न ह्यानंतरही वादग्रस्तच होता. आसाममध्ये राहणाऱ्या एस्. ई. पील ह्यांनी तेथील मोठ्या पक्ष्यांच्या घिरट्यांविषयीची निरीक्षणे १८८० मध्ये नेचर ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांवर विचार करून लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) ह्यांनी १८८३ मध्ये प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी केली. पंख न हलविणारा पक्षी काही काळ आपल्या मार्गाने जात राहत असेल, तर तो प्रत्यक्षात हळूहळू खाली येत असला पाहिजे, किंवा वारा पूर्णपणे क्षितिजसमांतर नसला पाहिजे, किंवा वाऱ्याचा वेग सर्वत्र सारखा नसला पाहिजे. ह्यांखेरीज अन्य शक्यता नाही, असे त्यांनी दाखविले. ह्यांपैकी तिसऱ्या शक्यतेचा उपयोग महासागरावर फिरणारा ॲल्बट्रॉस हा पक्षी करतो. घारी व गिधाडे ह्यांच्या बाबतीत दुसरी शक्यता निर्णायक ठरली.

हा निर्णय मात्र सहज झाला नाही. आग्रा येथील शासकीय प्रयोगशाळेत रासायनिक परीक्षक असलेले अर्नेस्ट हॅन्बरी हँकिन (१८६५–१९३९) ह्यांनी घारी, गिधाडे व इतर मोठे पक्षी ह्यांच्या हालचालींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली व १९१३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सकाळी ऊन चढू लागले म्हणजे तरंगते उड्डाण सुरू होते. आधी हलक्या पंखभाराचे पक्षी वर चढतात आणि जड गिधाडे त्यांच्यानंतर, हे त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण होय. पक्ष्याचे वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ म्हणजे पंखभार. त्यांची निरीक्षणे अचूक होती; तथापि केवळ वर जाणाऱ्या हवेने त्यांचा उलगडा होतो, असे त्यांना वाटत नव्हते. हवेत तरंगण्यास अनुकूल असा काही विशेष गुण उन्हामुळे येतो, अशी त्यांची कल्पना होती.

भारतीय वेधशाळांचे १९०४ ते १९२४ ह्या काळातील महासंचालक गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) हे मोसमी पावसावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध आहेत. पक्ष्यांचे उड्डाण हाही त्यांच्या आवडीचा विषय होता. उष्ण कटिबंधातील पक्ष्यांच्या पंख न हलविता होणाऱ्या उड्डाणाचा वातावरणविज्ञानाशी असलेला संबंध त्यांनी १९२३ मधील एका निबंधात मांडला. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन ठिकठिकाणी वर चढते. घार अशा स्तंभात शिरली की तिच्याभोवतालच्या हवेच्या मानाने ती खालीच घसरत असते. पण हवा तिच्या घसरण्यापेक्षा अधिक वेगाने वर जात असल्याने जमिनीच्या मानाने घार वर चढते. घिरट्या घालण्याचा हेतू त्या स्तंभाच्या बाहेर न जाणे हा होय. सकाळच्या क्षीण प्रवाहावर हलकी घार तरंगू शकते, जड गिधाडाला मात्र प्रवाह जोरदार होईपर्यंत थांबावे लागते. हँकिन ह्यांनी नोंदविलेल्या क्रमाचा अर्थ ह्यातून स्पष्ट होतो. कड्यावर आपटून वारा वर वळतो तेव्हाही असाच आधार मिळतो. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी कड्यासमोर निश्चल दिसणारी घार प्रत्यक्षात वर येणाऱ्या वाऱ्यावरून सतत खाली घसरत असते. ग्लायडर चालविणारे वैमानिकही घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून अशा प्रवाहांचे स्थान ओळखतात.

स्नायू व इंधन : पंख मारीत केलेल्या उड्डाणाची ऊर्जा छातीच्या स्नायूंतून येते. हे स्नायू उरोस्थीवरील उभ्या कण्याला जोडलेले असतात. पारव्यासारख्या चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यात ते शरीराच्या वजनाच्या सु. एक पंचमांश भरतात. पंख खाली ओढणारा मोठा स्नायू व तो वर उचलणारा लहान स्नायू हे दोन्ही छातीवरच असतात. लहान स्नायूचा कंडरा खांद्यातील छिद्रातून कप्पीवरील दोरीप्रमाणे वळून पंखाच्या वरच्या बाजूस जोडलेला असतो. त्यामुळे सर्व जड भाग शरीराच्या तळाशी राहून तोल साधतो.

ह्या स्नायूंच्या अभ्यासात बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील प्राणिविज्ञान विभागात जे. सी. जॉर्ज व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५० नंतरच्या काळात पारव्याच्या छातीच्या स्नायूवर संशोधन केले. त्यात दोन प्रकारचे तंतू असल्याचे व त्यांच्यातील इंधन भिन्न असल्याचे जॉर्ज व आर्. एम्. नाईक ह्यांनी १९५८ मध्ये दाखविले. जाड, पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेन साठविलेले असते व ते अल्पकाळच्या जोराच्या कार्यास उपयोगी पडते. बारीक, लाल तंतू संख्येने पुष्कळ अधिक असून त्यांत मेद असतो व तो दीर्घकाळ चालणाऱ्या उड्डाणाचे इंधन ठरतो. सारख्या वजनाच्या ग्लायकोजेनपेक्षा मेदापासून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. म्हणूनच स्थलांतरापूर्वी पक्षी मेद साठवितात. कोंबडीच्या छातीचे मांस पांढरे व पारव्याचे तांबडे का, ह्याचे उत्तरही ह्यातच आहे. जॉर्ज ह्यांनी ए. जे. बर्जर ह्यांच्यासह लिहिलेला पक्ष्यांच्या स्नायूंवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधुनिक संशोधन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्ष्यांना वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) उडवून मोजमापे घेण्यास प्रारंभ झाला. कॉलिन पेनिक्विक (१९३३–२०१९) ह्यांनी १९६८ मध्ये पारव्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. फार मंद व फार जलद अशा दोन्ही वेगांना उडण्यास अधिक शक्ती लागते व मधल्या वेगाला सर्वांत कमी, असा त्यांच्या गणिताचा निष्कर्ष आहे. पुढे त्यांनी पूर्व आफ्रिकेत मोटर-ग्लायडरमधून गिधाडांचा प्रत्यक्ष पाठलाग केला. एक मीटर उंची गमावताना गिधाड सु. १५ मी. पुढे जाते, असे त्यांना आढळले. १९८४ मध्ये हीलियम भरलेल्या साबणाच्या बुडबुड्यांतून पारवा उडवून त्याच्या मागे राहणारे हवेचे भोवरे मोजण्यात आले.

उपग्रहाशी संपर्क साधणारी व उंची नोंदविणारी लहान उपकरणे उपलब्ध झाल्यावर मुक्त पक्ष्यांचाही अभ्यास शक्य झाला. उजनी व जायकवाडी येथील जलाशयांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडतो. तो बरेचसे अंतर भूपृष्ठाच्या चढउतारांना धरून उडतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उंचावरील विरळ हवेत उडण्यास फार शक्ती लागत असल्याने वारंवार खाली येणे त्याला परवडते. थवा बाणाच्या आकारात का उडतो, ह्याचेही उत्तर मिळाले आहे. पुढच्या पक्ष्याच्या पंखटोकामागे वर जाणाऱ्या हवेचा पट्टा असतो. मागचा पक्षी त्या पट्ट्यात राहतो व आपल्या पंखांची लयही त्याला अनुरूप ठेवतो, असे २०१४ मध्ये आयबिस पक्ष्यांवरील नोंदींवरून सिद्ध झाले.

गिधाडांचा ऱ्हास : मेलेल्या जनावरांचा शोध घेण्यासाठी गिधाडाला रोज फार मोठ्या प्रदेशावर नजर ठेवावी लागते. पंख मारीत हे केले असते, तर मिळालेल्या अन्नापेक्षा खर्च अधिक झाला असता. तरंगत्या उड्डाणामुळेच हा जीवनक्रम शक्य होतो. आकाशात विखुरलेली गिधाडे एकमेकांवरही लक्ष ठेवतात व एक खाली उतरू लागले की दूरची त्याच्या मागे येतात. अन्न शोधण्याची हीच कार्यक्षम रीत त्यांना घातक ठरली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या शरीरात राहते व ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. थोडी विषारी शवेही दूरवरून जमणाऱ्या अनेक पक्ष्यांचा बळी घेण्यास पुरेशी होती. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ ह्या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांचीही तशीच हानी झाली. ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये आणि कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ह्यांच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली.

महाराष्ट्रात रायगड, गडचिरोली इत्यादी जिल्ह्यांत गिधाडांच्या काही वसाहती टिकून राहिल्या. हरयाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा व पेंच येथील जंगलांत पाठीवर उपकरणे बसवून सोडण्यात आली. ती किती वाजता वर चढतात, कोणत्या प्रवाहावर किती उंच जातात व दिवसात किती प्रदेश फिरतात, ह्याची नोंद आता आपोआप होऊ शकते. आग्र्याच्या आकाशात गिधाडांची वाण नव्हती, तेव्हा हँकिन ह्यांना घड्याळ व दुर्बीण पुरली. आज साधने विपुल आहेत. परंतु कोल्हापूरच्या आकाशात घारींनंतर वर चढणारी गिधाडे पाहण्याचा योग दुर्मिळ झाला आहे.